कपाटाची मधली भिंत

वैशालीला इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं, पण आयटीआयच्या यादीत तिचं नाव सुतारकामाच्या ट्रेडला लागलं. कोपरच्या घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा तिची आई शांताबाई भाकऱ्या थापत होती. "सुतार?" तिने हात न थांबवता विचारलं. "बरं झालं. आधी आपल्या मोरीचं दार बघ, केव्हापासून खरवडतंय."

आयटीआयच्या ठाण्यातल्या वर्कशॉपमध्ये बाकी सगळे मुलगेच होते. सुरुवातीचे काही महिने फक्त करवत आणि रंधा, मग पटाशी, मग सांधे. शिकवायला देवराम सर. सर कधी आवाज चढवायचे नाहीत. कुणी सांधा करून आणला की तो खिडकीच्या उजेडात धरायचे, एक डोळा मिटून फटीतून पलीकडे बघायचे आणि म्हणायचे, "मला बाहेरचं झाड दिसतंय." मग परत पहिल्यापासून. झाड दिसायचं बंद होईपर्यंत सुटका नाही.

वैशालीच्या सांध्यातून झाड सगळ्यांच्या आधी दिसेनासं झालं. त्यामुळे तिच्या हाताशी रिकामा वेळ उरायला लागला आणि रिकाम्या वेळात तिला खोड्या सुचायला लागल्या. एकदा तिने शेजारच्या टेबलावरच्या विनीतचा डबा एका लाकडी पेटीत बंद केला. पेटीला ना झाकण दिसत होतं, ना कडी, ना खिळा. विनीत अर्धी सुट्टी ती पेटी कानाशी हलवत बसला. आत डबा खडखडत होता, पण बाहेर येत नव्हता. शेवटी तिने तळाची एक पट्टी अंगठ्याने सरकवली आणि डबा काढून दिला.

"तेरा कुछ नहीं हो सकता," विनीत म्हणाला आणि गार झालेली भाजी खायला लागला.

देवराम सरांनी हे लांबून बघितलं होतं. सगळे गेल्यावर त्यांनी ती पेटी उचलून पट्टी दोन-चारदा सरकवून पाहिली आणि जागेवर ठेवून दिली.

अर्धं वर्ष सरल्यावर सर मुलांना बाहेरची कामं द्यायचे. लाकूड गिऱ्हाईकाने आणायचं, काम मुलांनी करायचं, चुका सरांनी निस्तरायच्या, अशी पद्धत. वैशाली आणि विनीतच्या वाट्याला ठाकुर्लीचं एक जोडपं आलं. गुणाजी आणि विमलाबाई. दोघंही सत्तरीच्या आसपास, मूळचे सावंतवाडीकडचे, मुलगा नोकरीमुळे बंगलोरला. त्यांनी टेम्पोतून आपला जुना सागवानी डबलबेड मोडून आणला होता. गुणाजी घोरायचे म्हणून आता दोघांनी दोन खाटा घेतल्या होत्या, आणि पलंगाच्या लाकडातून त्यांना कपड्यांचं कपाट हवं होतं. डावीकडचा भाग विमलाबाईंचा, उजवीकडचा गुणाजींचा.

"करणार कोण?" गुणाजींनी विचारलं. सरांनी वैशालीकडे बोट केलं. गुणाजींनी तिच्याकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं, मग परत तिच्याकडे. "मुलगी करणार?"

वैशाली तोवर पलंगाचा पाय हातात घेऊन वाकून बघत होती. "काका, हा पलंग करकरायचा का हो?"

गुणाजींनी मान दुसरीकडे वळवली. विमलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"सांधे सैल आहेत म्हणून विचारलं," वैशाली म्हणाली. तिचा चेहरा अगदी सरळ होता. विनीत मात्र काहीतरी शोधायला म्हणून टेबलाखाली गेला आणि बराच वेळ वर आला नाही.

सरांनी माप घेतलं, नकाशा काढून दिला. ठाकुर्लीच्या खोलीत खिडकी आणि दाराच्या मधे जेवढी भिंत होती तेवढंच रुंद कपाट बसणार होतं. काम सुरू झालं.

त्याच आठवड्यात विमलाबाई एकट्याच वर्कशॉपवर आल्या. हँगरच्या दांड्यापर्यंत आपला हात पोचेल ना ते बघायचं होतं, असं त्यांनी सरांना सांगितलं. सर दुसऱ्या मुलांकडे वळल्यावर त्यांनी वैशालीला कोपऱ्यात नेलं.

"पोरी, एक चोरकप्पा करशील? कुणाला दिसता कामा नये."

"दागिने ठेवायला का काकू?"

"दागिने बँकेत असतात. लोणचं ठेवायचंय." त्यांनी मागे वळून पाहिलं. "मला बीपी आहे ना. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलं आणि यांच्या अंगात पोलीस शिरला. पापड बंद, लोणचं बंद. मी कैरीचं घातलं की हे बरणी उचलून शेजारी देऊन येतात. आता तूच सांग, जेवणाला काही चव नको?"

"वास नाही येणार?"

"बरणीला फडकं बांधीन. आणि हे बघ, खाली नको हां कप्पा. माझे गुडघे वाकत नाहीत. कमरेइतका उंच हवा. सरांना सांगू नकोस. यांना तर नाहीच नाही."

वैशालीने कबूल केलं. अशा कामाला नाही म्हणणं तिला जमणारच नव्हतं.

मग गुणाजी आले. तेही एकटे. त्यांना बिजागऱ्या बघायच्या होत्या. बिजागऱ्या त्यांनी दोन मिनिटांत बघितल्या आणि वैशालीच्या टेबलाशी येऊन खोकले.

"हिला बोलायचं नाही, असं असेल तर सांगतो."

"बोला ना काका."

"मला शुगर आहे. आहे म्हणजे थोडीच आहे. पण आमच्या घरात साखरेचा डबासुद्धा कुलपात असतो. दिवाळीला मुलाने पेढे पाठवले, ते हिने माझ्यासमोर वॉचमनला वाटले." गुणाजी टेबलाच्या आणखी जवळ सरकले. "माझ्या बाजूला एक गुप्त कप्पा काढता येईल? पेढ्यांचा एक बॉक्स मावला की झालं. फक्त जरा कमरेच्या उंचीवर कर. माझी कंबर वाकत नाही."

वैशालीने त्यांनाही शब्द दिला. ते गेल्यावर ती खालचा ओठ दातात धरून नकाशाकडे बघत बसली. विनीतने विचारलं तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं, कारण विनीतला न सांगता ते काम होणारच नव्हतं.

अडचण साधी होती. कपाटाची रुंदी वाढवता येत नव्हती. पाठीला प्लायवुड, त्यामागे खोलीची भिंत. लपवायला जागा एकच, कपाटाच्या दोन भागांमधली उभी भिंत. तिथे एकाऐवजी दोन फळ्या घालून मधे वीतभर पोकळी ठेवता आली असती. पण त्या पोकळीत मधोमध उभी आणखी एक फळी घातली तर एका बाजूला बरणी मावत नव्हती आणि दुसऱ्या बाजूला पेढ्यांचा बॉक्स. एक कप्पा वर आणि एक खाली करायचा, तर काकूंचे गुडघे आणि काकांची कंबर.

"एकाला सांग, नाही जमत," विनीत म्हणाला.

"दोघांना शब्द दिलाय."

"मग?"

"पोकळी एकच. डावीकडून काकूंचं दार, उजवीकडून काकांचं."

विनीतने हातातला रंधा खाली ठेवला. "अगं, दोघं एकमेकांच्या कप्प्यात हात घालतील."

"प्रत्येकाने कप्पा मागितला, मी कप्पा दिला. तो एकट्याचाच हवा असं कुणी म्हणालेलं का?"

"घर मोडशील त्यांचं या वयात."

"पलंग त्यांनीच मोडून आणलाय," वैशाली म्हणाली आणि पेन्सिल कानावर खोचून कामाला लागली.

तिने आयुष्यात तोवर केलेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं. डावीकडे साडी अडकवायची एक लाकडी खुंटी होती. ती अर्धी फिरवली की खुंटीखालची फळी हलकेच वर सरकायची. उजवीकडे खुंटीबिंटी काही नव्हतं, नुसती गुळगुळीत फळी. तिच्या खालच्या कोपऱ्यावर अंगठा दाबला की ती पुढे यायची. बंद असताना रेषासुद्धा दिसत नव्हती, निदान वैशालीला तरी.

देवराम सर तपासायला आले. त्यांनी दारं उघडून पाहिली, कडांवरून बोट फिरवलं. मग मधल्या भिंतीची जाडी बघून थांबले.

"ही एवढी जाड कशाला?"

"मजबुतीसाठी, सर."

सरांनी बोटाने त्यावर टकटक केलं आणि आवाज ऐकला. "तुझी मजबुती पोकळ आहे," ते म्हणाले. वैशाली जमिनीवरचा भुसा बघत राहिली. पॉलिशचा दुसरा हात द्यायला सांगून सर निघून गेले.

कपाट टेम्पोने ठाकुर्लीला गेलं. दुसऱ्या मजल्यावर चढवताना विनीतची बोटं जिन्याच्या कठड्यात चेमटली आणि त्याने वैशालीला नको ते ऐकवलं. जागेवर बसवून झाल्यावर गुणाजी चहाला दूध आणायला खाली गेले. तेवढ्यात वैशालीने विमलाबाईंना खुंटी फिरवून दाखवली. मग विमलाबाई स्वयंपाकघरात चहा करायला गेल्या आणि गुणाजींचा अंगठा योग्य कोपऱ्यावर टेकला. दोघांनीही तिच्या डोक्यावरून हात फिरवला. विमलाबाईंनी तर तिला दृष्ट लागू नये म्हणून कानशिलावर बोटं मोडली. विनीत बिस्किट खात खिडकीबाहेर बघत होता. वळून बघायची त्याची हिंमत नव्हती.

त्या दिवसापासून वैशाली फोनची वाट बघायला लागली. आज ना उद्या भांडण होणार, दोघांपैकी कुणीतरी फोन करून तिचा उद्धार करणार, याची तिला खात्री होती. काय बोलायचं तेही तिने ठरवून ठेवलं होतं. पण फोन येईना. आठवडा गेला, आणखी एक गेला. वर्कशॉपमध्ये ते खिडकीची चौकट करायला लागले होते आणि तिचं माप दोनदा चुकलं. आधी जे गमतीचं वाटत होतं त्याची आता तिला धास्ती वाटायला लागली. दोघं बोलतच नसतील तर? एक जण बंगलोरला निघून गेला असेल तर?

"जाऊन बघ ना मग," विनीत म्हणाला. "मेणबत्ती घेऊन जा. ड्रॉवर अडकू नयेत म्हणून मेण लावायला आलेय असं सांग."

रविवारी सकाळी ती मेणबत्ती घेऊन ठाकुर्लीला गेली. दार गुणाजींनी उघडलं. घरात सगळं ठीकठाक दिसत होतं. जरा जास्तच ठीक. विमलाबाई नवऱ्याला "अहो, पंखा लावू का?" असं विचारत होत्या आणि गुणाजी "नको, तुला गारवा बाधतो" असं म्हणत होते. एवढं गोड बोलणं ऐकून वैशाली मेणबत्ती हातात धरून दारातच उभी राहिली.

विमलाबाई चहा ठेवायला आत गेल्या. गुणाजींनी लगेच वैशालीला खूण केली, कपाटाचं उजवं दार उघडलं आणि अंगठा दाबला. फळी पुढे आली. आत पेढ्यांचा बॉक्स होता. त्याला अगदी खेटून पांढरं फडकं बांधलेली चिनी मातीची बरणी होती. गुणाजींनी बरणीकडे असं दुर्लक्ष केलं, जणू ती त्यांना दिसतच नव्हती.

"घे, पेढा घे. तुझ्या हातच्या कामाचा पहिला मान तुझा. मी पण अजून यातला खाल्ला नाही, कालच भरलाय."

वैशालीने पेढा तोंडात टाकला. तो खारट होता. नुसता खारट नव्हे, वसईच्या समुद्रात बुडवून काढल्यासारखा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कसा आहे?"

"वेगळाच आहे, काका."

गुणाजी खूश झाले आणि त्यांनी अख्खा पेढा एकदम तोंडात घातला. दोनदा चावला आणि थांबले. त्यांचा चेहरा आधी लांब झाला, मग आक्रसला. थुंकायचं कुठे ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी तो गिळला.

"काय झालं हो?" स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. विमलाबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. "पेढा खारट लागला?"

गुणाजींनी सावकाश त्यांच्याकडे पाहिलं. "पेढा कुठला? मी कुठे पेढा खातोय?"

"ओठाला लागलाय."

गुणाजींनी ओठ पुसला. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "तू आज लोणचं खाल्लंस?"

"मी कुठलं लोणचं खाते?"

"एकदा खाऊन बघ."

विमलाबाईंनी ट्रे टेबलावर ठेवला. त्या कपाटाच्या डाव्या बाजूला आल्या, दार उघडलं, वैशालीसमोरच खुंटी फिरवली आणि आत हात घालून बरणीचं फडकं सोडलं. बोट बुडवून जिभेला लावलं.

"गूळ?" त्या म्हणाल्या. "माझ्या कैरीच्या लोणच्यात गूळ घातलात तुम्ही?"

"पाक करून घातला. तू खाली भाजी आणायला गेलेलीस तेव्हा. आणि माझ्या पेढ्यांचं काय केलंस?"

"कुस्करले, मीठ घातलं आणि परत वळले. अर्धी दुपार गेली माझी."

गुणाजी उजवीकडून पोकळीत वाकून बघत होते आणि विमलाबाई डावीकडून. बरणीच्या वरून दोघांची तोंडं एकमेकांसमोर आली. वीतभर अंतर होतं मधे. विमलाबाईंना आधी हसू आलं. त्या हसल्या तशा गुणाजींना ठसका लागला आणि तेही हसायला लागले. कपाटाची दोन्ही दारं थरथरत होती.

मग हळूहळू सगळी हकीकत बाहेर आली. पहिल्याच दिवशी दोघांना एकमेकांचा माल दिसला होता. पण बोलायची सोय नव्हती, कारण बोलणाऱ्याला आपणही तिथे काय करत होतो ते सांगावं लागलं असतं. म्हणून विमलाबाईंनी चार पेढे काढून वॉचमनला दिले. दुसऱ्या दिवशी बरणी निम्मी झाली. त्यांनी पेढे दोनवर आणले. त्यांच्या लोणच्याच्या फोडी तीनवर आल्या. एकमेकांशी बोलणं मात्र तेव्हापासून फार गोड झालं होतं. कारण मनातल्या मनात दोघंही जिंकत होते.

वैशालीने या गडबडीत एक चप्पल पायात चढवली होती. दुसरी शोधत होती.

"वैशाली," दोघं एकदमच म्हणाले.

ती थांबली. "काकू, तुम्ही एकच कप्पा मागितलेला. काका, तुम्ही पण एकच. मी कुणाला जास्त दिला नाही, कमी पण दिला नाही."

गुणाजींनी यावर विचार केला. त्यात खोट सापडेना, तेव्हा त्यांनी देवराम सरांना फोन लावला.

पुढच्या रविवारी सर स्वतः ठाकुर्लीला आले, बरोबर वैशालीला, हत्यारांची पिशवी आणि तीत एक कोरी फळी घेऊन. कपाटासमोर उभे राहून त्यांनी डावीकडची खुंटी फिरवली, मग उजवीकडे बरोबर त्याच कोपऱ्यावर अंगठा ठेवला. ती जागा त्यांना कुणी दाखवली नव्हती. फळी पुढे आली. त्यांनी ती काढून उलटसुलट बघितली.

"तक्रार काय आहे?" त्यांनी गुणाजींना विचारलं.

गुणाजी जरा अडखळले. "तशी तक्रार… म्हणजे हिचं लोणचं माझ्या शर्टांना वास मारतं. संध्याकाळी कट्ट्यावर गेलो की पोपटराव विचारतो, आज जेवायला काय होतं."

"फळी खालून तिरकी रंधली आहे," सर वैशालीला म्हणाले. "वरून डोळ्याला दिसत नाही, पण वास तिथूनच येतोय. खोडी करायची तर निदान पक्की करायची. नवीन कर."

वैशालीने पिशवीतली फळी काढली. बाल्कनीत बसून तिने ती रंधली, बसवून पाहिली. सरांनी मान हलवली. पुन्हा रंधली, पुन्हा बसवली. ऊन बाल्कनीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेलं. तिच्या तळहाताला फोड आला. आत सर, गुणाजी आणि विमलाबाई पोहे खात कणकवलीच्या कुणा सुताराबद्दल बोलत होते. तिच्या वाट्याची बशी विमलाबाईंनी झाकून ठेवली होती, पण फळी बसेपर्यंत ती द्यायची नाही असं सरांनी सांगितलं होतं. शेवटी दुपार कलल्यावर फळी अशी बसली की आत बरणी उघडी ठेवूनही बाहेर वास येईना. सरांनी नाक लावून पाहिलं, विमलाबाईंना पाहायला लावलं, आणि बशी बाहेर आली.

निघण्याआधी सरांनी विचारलं, "मधे एक पातळ पट्टी घालून देऊ का? बरणी छोटी घेतलीत तर दोन कप्पे होतील."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"नको," विमलाबाई म्हणाल्या. "पट्टी घातली तर हे किती खातात ते मला कसं कळणार?"

"आणि हिच्यावर लक्ष कोण ठेवणार?" गुणाजी म्हणाले. "आहे तसंच राहू दे."

स्टेशनकडे चालताना वैशालीने शिव्यांची वाट पाहिली. पूल जवळ आल्यावर सर म्हणाले, "परीक्षेनंतर कोलशेतला एका कारखान्यात तुझं नाव देणार आहे. कपाटं, किचन, तेच काम करतात. तिथे गिऱ्हाईकाने सांगितलंय तेवढंच करायचं."

"सर, गिऱ्हाईकाने सांगितलेलं तेवढंच केलेलं."

पुलाच्या पायऱ्या सर तिच्यापुढे चढत होते, आणि मागून तिला त्यांचे खांदे हलताना दिसले.

वैशाली परीक्षा पास झाली. आता ती कोलशेतच्या कारखान्यात अप्रेंटिस आहे. दिवसभर किचनच्या कपाटांचे एकसारखे शटर रंधायचे आणि बिजागऱ्या बसवायच्या. मोकळा वेळ फारसा मिळत नाही, त्यामुळे कारखान्यातल्या कुणाचा डबा अजून हरवलेला नाही. विनीत कल्याणला एका कंत्राटदाराकडे दारांच्या चौकटी बसवतो. कधीतरी एखाद्या रविवारी दोघं ठाकुर्लीला जातात, आणि खायला दिलेल्यातला पहिला घास गुणाजींनी खाल्ल्याशिवाय स्वतः तोंडात काही घालत नाहीत. गुणाजींची शुगर खूप उतरली आहे, असं ते स्वतः सांगतात. विमलाबाई म्हणतात, त्यांनी रिपोर्ट अजून कुणाला दाखवलेला नाही.